दिवेलागणीचं विरजण

वाल्मिक एजंट पहिल्या मिनिटापासून माझ्या मुलाशीच बोलत होता. घर मला घ्यायचं होतं, पैसे माझ्या फंडाचे होते, तीन जिने चढून धाप मला लागली होती, आणि हा आपला, "अनिलभाऊ, हॉल बघा. अनिलभाऊ, खिडकीतून हवा बघा." शेवटी मी त्याच्या शर्टाची बाही ओढली.

"इकडं बघ. घेणार मी हाय. हा नुसता सोबत आलाय."

"हो हो मावशी, तुमचंच घर," तो म्हणाला आणि पुन्हा अनिलकडे वळून फरशीचं कौतुक सांगू लागला.

मी काशी. शेणव्याकडच्या एका आश्रमशाळेत एकतीस वर्षं स्वयंपाकीण. चारशे पोरांचा भात मी रोज शिजवला आहे. एकतीस मेला साठ पूर्ण होऊन मी रिटायर होणार, आणि शाळेच्या मागची खोली नव्या स्वयंपाकिणीसाठी रिकामी करून द्यायची. त्या खोलीला कडी होती ती बाहेरून. आतून नव्हतीच. आधी तिथे धान्य ठेवायचे ना, धान्याला आतली कडी कशाला लागते? एकतीस वर्षं मी दाराला तांदळाचं पोतं लावून झोपले. चार अर्ज केले. कडी आली नाही.

म्हणून मला एक दार हवं होतं. आतून लागणारं, आणि 'उघड' असं मला कुणी सांगू शकणार नाही असं. बाकी फरशी, टाइल्स, हवा यांचं मला काही पडलेलं नव्हतं.

अनिलचं म्हणणं वेगळं होतं. तो मुरबाडला कंपनीत आहे, तो आणि सून रेश्मा तिथे भाड्याच्या एका खोलीत राहतात. "आये, शहापुरात एकटी काय करशील? चांगोकाका बोलतायत, गावाला वैशाखऱ्याच्या आपल्या घराच्या पडवीला भिंत घालू, तुला मस्त खोली होईल. पैसे घरातच राहतील."

घरातच राहतील. हे ऐकून माझं डोकं असं काही फिरलं की त्या दिवशी मी आमटीत दोनदा मीठ घातलं.

ती पडवी मला चांगली माहीत आहे. माझा नवरा कोंडू गेला तेव्हा अनिल चार वर्षांचा होता. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मोठे दीर चांगो यांनी माझं सामान आतून उचलून पडवीत आणून ठेवलं. एकही शिवी दिली नाही, आवाज चढवला नाही. "काशे, घर भावाभावांचं हाय," एवढंच म्हणाले. त्या सामानात सकाळी लावलेलं दह्याचं मडकंही होतं. दही लागताना हलवलं की मोडतं, हे आमच्याकडे सात वर्षांच्या पोरीलाही ठाऊक असतं. संध्याकाळी झाकण काढलं तर पाणी आणि गाठी. मी ते अंगणात ओतलं, अनिलला कडेवर घेतलं आणि निघाले. आता त्याच पडवीला भिंत घालून हे मला खोली करून देणार, आणि तीही माझ्या फंडातून!

अनिल वाईट नाही. त्याला कुणाशी भांडायचं नसतं, म्हणून जो जास्त जोरात बोलतो त्याच्या बाजूला तो जाऊन उभा राहतो. त्याच्याशी भांडून उपयोग नव्हता. मी म्हटलं, "बघायला तरी चल. बघायला कोण पैसे घेतंय?"

तर असं आम्ही ते घर बघत होतो. इमारतीचं नाव ओंकार छाया. तिसरा मजला, लिफ्ट नाही. एक खोली, तिलाच लागून ओटा, मागे मोरी आणि संडास. मालक कल्याणला राहायला गेलेला. वाल्मिकच्या कागदावर छापलं होतं, 'शहराच्या मध्यभागी, स्टेशन दहा मिनिटं'. आसनगाव स्टेशन तिथून दहा मिनिटांत गाठायचं तर माणसाला पंख लागतील. पण मला स्टेशन नकोच होतं. मला एसटी स्टँड, सरकारी दवाखाना आणि भाजीबाजार पायी गाठता यायला हवा होता. येताना मी ते तिन्ही चालून बघितले होते. स्टँडपासून वाटेत एकदा थांबले, तेही रसवंतीवर, उसाचा रस प्यायला.

मी ओट्याशी उभी राहिले. ओटा माझ्या कमरेला बरोबर लागला. एकतीस वर्षं शाळेत जमिनीवरच्या चुलवणाशी वाकून माझी कंबर गेली आहे, त्यामुळे हा ओटा मला मनापासून आवडला. पण आवडलं असं तोंडावर दाखवायचं नसतं. मी नळ सोडला. नळ खोकला, थोडं लाल पाणी आलं, मग बंद.

"पाणी कधी येतं?"

"चोवीस तास, मावशी. टेन्शनच नाय."

मी खिडकीतून समोरच्या बिल्डिंगकडे बघितलं. प्रत्येक गॅलरीत निळं पिंप. काही ठिकाणी दोन दोन. मुंबईला पाणी देणारी धरणं आमच्या तालुक्यात आणि पिंपंही आमच्याच गॅलऱ्यांत.

"चोवीस तास येतं तर लोकं पिंपात लोणचं घालतात काय?"

अनिलला हसू आलं. वाल्मिक म्हणाला, "दिवसाआड येतं. पण फोर्सने येतं."

मग भिंत. तीन भिंती जुन्या रंगाच्या आणि मोरीकडच्या भिंतीचा खालचा हातभर पट्टा तेवढा ताजा पांढरा. मी अंगठा दाबला. रंगाचा पोपडा गळून खाली पडला. आतून ओल.

"पावसाळ्यात थोडं दमट होतं," वाल्मिक म्हणाला.

"आत्ता मे महिना चाललाय रे बाबा."

खिडकीखाली नाला होता, नाल्यापलीकडे लग्नाचा हॉल. म्हणजे लग्नसराईत बँड आणि बाकीच्या वर्षात डास. सगळं बघितलं. काही लपलेलं नव्हतं. चारशे पोरांसाठी तांदूळ निवडणाऱ्या बाईपुढे काय लपणार? खडे असतात म्हणून कुणी तांदूळ टाकत नाही, निवडून घेतो. ओलीला मोरीखालचा पाइप बदलून घ्यायचा, पाण्याला पिंप, डासांना जाळी.

दाराशी गेले. आतून कडी होती, वर बोल्टही. मी दोन्ही लावून बघितले. अनिल आणि वाल्मिक बाहेरच्या जिन्यावर राहिले. आत मी एकटी. खरं सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पदराने पुसलं आणि मग उघडलं.

खाली उतरलो तर सोसायटीचे सेक्रेटरी जिन्याखाली खुर्ची टाकून बसलेले. त्यांनीही अनिललाच विचारलं, "फॅमिली आहे ना?"

अनिल म्हणाला, "आई राहील."

"म्हणजे एकट्या बाई? नाही, आम्ही शक्यतो फॅमिलीलाच देतो. एकट्या बाईचं आजारपण असतं, कोण बघणार? पुरुष माणूस पाहिजे घरात."

"सोसायटीत पुरुष किती हायेत?" मी विचारलं.

"असतील वीस-पंचवीस."

"मग ती टाकी का वाहतेय मघापासून?"

अंगणातली खालची टाकी भरून पाणी बाहेर वाहत होतं, दिवसाआड येणारं पाणी. सेक्रेटरी उठले आणि कॉक बंद करायला पळाले. परत आल्यावर त्यांनी फॅमिलीचा विषय काढला नाही.

तोवर उन्हं उतरली होती. वाल्मिकला जायची घाई. "मावशी, उद्या बारा वाजता दुसरी पार्टी येतेय. घ्यायचं असंल तर आताच टोकनचा फॉर्म भरू."

"घर बघून झालं," मी म्हटलं. "शेजार बघायचा ऱ्हायला. दिवे लागू दे."

आम्ही पायरीवर बसलो. खिडक्यांतून एकेक दिवा लागला, कुठे उदबत्तीचा वास, कुठे टीव्ही. मग मी पिशवीतून स्टीलची छोटी डबी काढली आणि उठले.

"हे काय?" अनिलने विचारलं.

"विरजण मागून येते."

"आये, येडी झालीस काय? दिवे लागलेत. दिवे लागल्यावर विरजण कोण मागतं? आपल्याकडं कोण देतं तरी?"

"म्हणूनच मागतेय," मी म्हटलं आणि जिना चढले. तो मागून आला. एकटीला सोडायची त्याला लाज वाटली असावी.

तिसऱ्या मजल्यावर आमच्या दाराखेरीज चार दारं. पहिलं साखळीएवढंच उघडलं. फटीतून एक डोळा. "आम्ही काही ऑर्डर केलं नाही," आणि बंद. दुसऱ्या दारातल्या माणसाने, "खाली डेअरी आहे," असं सांगितलं आणि तोही आत गेला. तिसऱ्या दारातल्या बाईने कानाचा फोन न काढता फ्रिजमधून दह्याचं अख्खं पाकीट माझ्या हातात दिलं, "राहू द्या, राहू द्या," म्हणाली आणि दार लावलं.

अनिल खूश झाला. "बघ, ही चांगली हाय."

"चांगलीच हाय. पण उद्या मी जिन्यात पडले तर मला वळखंल काय? तिनं माझ्या तोंडाकडं तरी बघितलं?"

चौथं दार एका तिशीतल्या पोरीने उघडलं. कडेवर बाळ, कपाळाला घाम, आत देवापुढे दिवा. मी डबी पुढे केली. "थोडं विरजण देतेस गो?"

तिने डबीकडे बघितलं, मग देवाकडे, मग माझ्याकडे. तिचा चेहरा कसानुसा झाला.

"मावशी, राग नका धरू. आत्ताच दिवा लावला ना. माझी आय दिवे लागल्यावर विरजण कुणाला द्यायची नाय, मी पण देत नाय." आणि दार न लावता तशीच उभी राहिली. "सकाळी या ना डबी घेऊन. सकाळी देते. पाणी देऊ? जिना चढून आलाव. कुठल्या तुमी?"

"शेणव्याची. माहेर तिकडंच, सासर वैशाखरे."

"अगो बाय, वैशाखरे तं माझं माहेर!" ती म्हणाली. तिचं नाव रंजिता. नवरा कसाऱ्याला रेल्वेच्या कामावर. मी दारातच उभ्याने पाणी प्यायले आणि खाली आले.

अनिल सुटल्यासारखा बोलला, "झालं समाधान? एकीनं पाकीट दिलं, ती तुला पसंत नाय. आपल्या गावची निघाली, तिनं नाय म्हटलं. कोण हाय तुझं इथं? चल, काकांना सांगू पडवीचं."

"घर घ्यायचं," मी म्हटलं.

"अगो पण ती नाय बोलली ना!"

"नाय बोलली, का नाय ते बोलली, आणि सकाळी ये बोलली. आणिक काय पाहिजे शेजाराला?"

वाल्मिकने ताबडतोब गाडीच्या सीटवर फॉर्म ठेवला आणि लिहायला लागला. मी वाकून बघितलं. 'अनिल कोंडू फसाळे'.

"खोड ते."

"मावशी, जेन्ट्सचं नाव असलं की पुढं सोपं जातं. शेवटी त्यांचंच होणार ना?"

"मी मेल्यावर होईल. अजून मी मेले नाय. काशी कोंडू फसाळे लिही."

वाल्मिकने अनिलकडे बघितलं. आणि माझा मुलगा, ज्याला मी कडेवर घेऊन त्या पडवीतून निघाले होते, तो चपलेने माती उकरत म्हणाला, "उद्या काकांना इचारून सांगतो."

मला इतका राग आला की एसटीत मी त्याच्या शेजारी बसलेही नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मी दूध तापवलं, मोठ्या डब्यात ओतलं आणि डबा टॉवेलात गुंडाळून पहिली एसटी पकडली. ओंकार छायाच्या खाली किराणावाला आहे. घराची किल्ली त्याच्याकडे असते हे मी आदल्या दिवशी बघून ठेवलं होतं. "पडद्याची मापं घ्यायची हायेत," असं सांगितल्यावर त्याने ती दिली. खोटं बोलले, कबूल. पडदे लागणारच होते.

रंजिताने दार उघडलं आणि हसली. वाटीत विरजण काढूनच ठेवलं होतं तिने. मी वाटी घेऊन आमच्या, हो, आमच्याच म्हणते, घरात गेले. दूध कोमट झालं होतं. विरजण लावलं, डबा ओट्याच्या कोपऱ्यात ठेवला, वर ताटली झाकली, आणि भिंतीला टेकून खाली बसले.

नऊ वाजता वाल्मिकला फोन केला. तो धावत आला. "मावशी, हे काय! व्यवहार झाला नाय अजून. किल्ली द्या. बारा वाजता पार्टी येतेय."

"येऊ दे की. मी कुठं आडवते?"

पार्टी आली. नवरा-बायको, डोंबिवलीची, चांगली माणसं होती. त्यांनी विचारलं म्हणून मी सांगितलं. पाणी दिवसाआड. ही भिंत ओली, अंगठा लावून बघा. खाली नाला, पलीकडे बँड. स्टेशन दहा मिनिटं नाही, चाळीस मिनिटं. एक शब्द खोटा नव्हता. त्यांनी माझे आभार मानले आणि ते गेले. वाल्मिक कपाळाला हात लावून जिन्यात बसला.

त्यानेच सकाळी अनिलला फोन केला असणार. साडेबाराला जिन्यावर पावलं वाजली. पुढे अनिल, मागे काठी टेकत चांगोभावजी. अडुसष्ट वर्षांचा माणूस तीन जिने चढून आला होता. एवढी धाव माझ्यासाठी त्यांनी पहिल्यांदाच घेतली.

"काशे, हे काय मांडलंस?" ते दम खात म्हणाले. आवाज अजूनही तसाच, न चढणारा. "लोकाच्या घरात घुसून बसलीस. चारचौघांत शोभा. ऊठ. घरी चल. पडवी बांधून देतो बोललो ना मी?"

"दही लावलंय, भावजी."

"काय?"

"दही लावलंय. लागताना हलवायचं नसतं."

त्यांना आठवलं की नाही, मला सांगता येणार नाही. त्यांचा चेहरा कधीच काही सांगत नाही. ते अनिलकडे वळले. "अनिल, उचल तो डबा. आणि तिला घेऊन खाली ये."

अनिल ओट्यापर्यंत गेला. मी उठले. माझे गुडघे वाजले. मी ताटलीवर हात ठेवला आणि एकतीस वर्षं पोटात ठेवलेलं बोलले.

"भावजी, एकदा माझं दही तुमी हलवलंत. मी तेव्हा बोलले नाय, कारण माझ्याकडं जायला जागा नव्हती आणि कडेवर हा होता. आज मला जागा हाय. आता हात लावू नका, कुणीच."

दारात रंजिता येऊन उभी होती, बाळाला घेऊन. ती हळूच म्हणाली, "काका, खरंच, लागताना हलवलं तं मोडंल. मी सकाळीच दिलंय विरजण."

अनिल डब्याकडे बघत होता. त्याला ते मडकं आठवत असण्याचं कारण नाही, चार वर्षांचा होता तो. पण मी ते अंगणात ओतलं तेव्हा त्याने दही मागून रडून गोंधळ घातला होता, हे मी त्याला लहानपणी कितीदा सांगितलं आहे.

"किती वेळ लागंल, आये?" त्याने विचारलं.

"दीड वाजेल."

त्याने दारापाशी जाऊन चपला काढल्या, आत आला आणि माझ्या शेजारी, ओल्या भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसला. "काका, तुमी जा. मी आयेबरोबर येतो. आली तर."

चांगोभावजींनी खोलीभर नजर फिरवली. बसायला खुर्ची नव्हती आणि जमिनीवर बसायचं त्यांच्या मनात नव्हतं. मग काठी टेकत उतरून गेले. तिन्ही जिने त्यांची काठी ऐकू येत होती.

वाल्मिक आत आला आणि न सांगता त्याने नवा फॉर्म काढला. आज पहिल्यांदा तो माझ्याकडे बघून बोलला. "मावशी, पूर्ण नाव सांगा."

मी सांगितलं. त्याने लिहिलं. मी सही केली, सावकाश, एकेक अक्षर लावून, आणि मग उठून दार आतून लावलं. वाल्मिक म्हणाला, "मावशी, मला जायचंय." मी म्हटलं, "सांगशील तेव्हा उघडते. नुसती लावून बघतेय."

दीड वाजता ताटली काढली. डबा उचलला आणि अनिलसमोर तिरका केला. दही जागचं हललं नाही.